गोव्यातल्या शहरांत राहताना: सुरक्षितता आणि रोजच्या जगण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा आणि पर्वरी इथले रहिवासी, घर शोधणारे, नोकरीसाठी सावंतवाडी-बेळगावकडून येणारे आणि परदेशातून आईवडिलांची काळजी करणारे, असे सगळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. एक मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तर दुसऱ्या ठिकाणी फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आत्ता, या क्षणी मदत हवी असेल तर वाचत बसू नका, ११२ लावा. बाकीचे नंबर प्रश्न १३ मध्ये आहेत.

१. थोडक्यात सांगा, गोव्यातली शहरं राहायला सुरक्षित आहेत की नाहीत?

आहेत. पण आपल्याला भीती एका गोष्टीची वाटते आणि माणसं जातात दुसऱ्याच गोष्टीने. आमच्याकडे प्रश्न येतात ते चोर-दरोडेखोरांचे. २०२५ मध्ये दोनापावला, म्हापशातलं गणेशपुरी आणि वास्कोतलं बायणा इथे घरात शिरून दरोडे पडले, तेव्हापासून ग्रिल बसवणाऱ्यांना उसंत नाही. ही भीती खोटी नाही. तरीही राज्यातले वर्षभरातले खून दोन आकड्यांत राहतात आणि रस्त्यावर मात्र दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसं मरतात. त्यांत दुचाकीवरचे सगळ्यात जास्त. तेव्हा घर बघायला जाल तेव्हा कुलूप-कडी बघाच, पण फाटकातून बाहेर पडल्यावर लागणारा रस्ताही उभं राहून बघा.

२. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा, पर्वरी: कुटुंबासह राहायला यातलं कुठलं बरं?

याचं एक उत्तर नाही, आणि जो दलाल एक उत्तर देतो त्याचा फ्लॅट तिथेच असतो. तिथे राहणारी माणसं काय सांगतात ते देतो.

पणजीत चालत कामं होतात. बाजार, बँक, शाळा, कला अकादमी, कांपालचा किनारा सगळं हाताशी. सकाळी आल्तिनच्या चढावर आणि मिरामारला फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि त्यात बायका मोठ्या संख्येने असतात, ही राहण्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट. तक्रारी तीन. पार्किंग, रस्त्यांची सततची खोदाखोद, आणि मांडवीतल्या कॅसिनोंमुळे बांदोडकर मार्गावर रात्री होणारी वाहनांची रांग. मळा आणि पाटो हे भाग सखल आहेत. जोराचा पाऊस आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट राहत नाही. तळमजला घेत असाल तर जुलैत जाऊन बघा, जानेवारीत नको.

मडगाव बाजाराचं गाव. दिवसा पाय ठेवायला जागा नसते, रात्री नऊनंतर मधला भाग रिकामा. फातोर्डा, बोर्डा इकडे कुटुंबं जास्त. मोती डोंगर, रुमडामळ, घोगळ यांची नावं बातम्यांत वारंवार येतात आणि म्हणून लोक पत्ता सांगायला बिचकतात. तिथे राहणारे म्हणतात, आमच्या गल्लीत रात्री दोनला आजारी पडलं तर दहा माणसं धावतात, ते तुमच्या गेट असलेल्या कॉलनीत होईल का? त्यांच्या या प्रश्नावर आमच्याकडे उत्तर नाही. मात्र पाणी, गटार आणि अरुंद रस्ते यांची तिथली अडचण खरी आहे, आणि अग्निशमन दलाची गाडी आत जाईल का हे बघूनच घर घ्या.

वास्कोला राहणाऱ्यांची पहिली तक्रार चोरांची नसते, कोळशाची असते. मुरगाव बंदरातून उडणारी भुकटी बाल्कनीच्या फरशीवर बसते. सकाळी ओला फडका फिरवला की काळा होतो. ज्यांच्या घरी दम्याचा माणूस आहे त्यांनी सडा, बोगदा या बाजूला घर घेण्याआधी विचार करावा. चिखली, दाबोळीकडे त्रास त्या मानाने कमी. बाकी वास्को हे गोव्यातलं सगळ्यात मिश्र शहर: मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी सगळं एका मजल्यावर. इथे नवख्याकडे कोणी वळून बघत नाही.

म्हापशाला शुक्रवारचा बाजार आणि त्या दिवशीची कोंडी. एरवी खोर्ली, दत्तवाडी हे जुने, एकमेकांना ओळखणारे वाडे आहेत. शहर किनारपट्टीच्या तोंडावर असल्याने शनिवारी पहाटे भरधाव गाड्या जातात, हे मात्र सगळेच सांगतात.

फोंडा मराठी माणसाला घरच्यासारखं वाटतं. नाटक, भजन, देवळं, सगळी हवा आपली. भाडी राजधानीपेक्षा उतरती. कुर्टी, खडपाबांध भागात नव्या इमारती झाल्या आहेत. रात्री आठनंतर बस मिळणं कठीण, ही त्याची किंमत.

पर्वरीबद्दल पुढच्या प्रश्नात लिहिलं आहे, कारण तिथली अडचण शहराची कमी आणि इमारतींची जास्त आहे.

३. फ्लॅट बघायला गेल्यावर सुरक्षिततेसाठी नेमकं काय बघायचं?

दिवसा बघून या, आणि मग रात्री साडेआठला पुन्हा जा. खाली उभं राहून किती खिडक्यांत उजेड आहे ते मोजा. पर्वरी, ताळगाव, दोनापावला इथल्या कित्येक इमारतींत निम्म्या खिडक्या अंधारात असतात. मालक मुंबई-दिल्लीचा, वर्षातून दोनदा येणारा. अशा इमारतीत सुरक्षारक्षक असतो, लिफ्टमध्ये आरसा असतो, आणि तुम्ही ओरडलात तर ऐकायला कोणी नसतं. चोरालाही हे कळतं. त्यापेक्षा रंग उडालेली, पण प्रत्येक दारासमोर चपला दिसणारी जुनी सोसायटी आम्ही निवडू.

मग सोसायटी नोंदणीकृत आहे का ते विचारा. बिल्डरने ताबा देऊन वर्षं उलटली तरी सोसायटीच झालेली नाही, अशा इमारती बऱ्याच आहेत. तिथे जिन्यातला दिवा गेला तरी बदलायचा कोणी, यावर वाद. रहिवाशांच्या व्हॉट्सअॅप गटात भाडेकरूंना घेतात का, हेही विचारून ठेवा. उत्तरावरून शेजार कळतो.

ऑनलाइन फ्लॅट पाहिला आणि मालक ‘मी सैन्यात आहे, टोकन पाठवा, चावी कुरियरने येईल’ असं म्हणाला, तर पुढे बोलूच नका. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० लावा. पहिल्या तासाभरात रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

४. रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहता येतं? एकट्या बाईला?

हा प्रश्न मुलींपेक्षा त्यांचे वडील जास्त विचारतात. बायकांनी आम्हाला जे सांगितलं त्याचा सूर असा: रस्त्यावर अंगाला हात लागेल ही धास्ती मोठ्या शहरांपेक्षा कमी, पण घरी जायचं कसं हा प्रश्न मोठा. खाजगी बसगाड्या साडेसात-आठला विरळ होतात. कदंबच्या (सरकारी बसच्या) शटल त्यानंतर थोडा वेळ असतात, मग त्याही थांबतात. मोटारसायकल पायलट (पिवळ्या-काळ्या रंगाच्या दुचाकी टॅक्सीचे) तिठ्यावर दिवसभर मिळतात, रात्री क्वचित. मोठ्या शहरांत सर्रास चालणारी टॅक्सी अॅप इथे चालत नाहीत. गोवामाइल्स आहे, पण सगळ्या वेळी सगळीकडे गाडी मिळेलच असं नाही.

म्हणून बांबोळीतली परिचारिका, वेर्ण्यातल्या औषध कंपनीतली मुलगी, कॅसिनोत काम करणारी मुलगी या सगळ्या शेवटी स्वतःची स्कूटर घेतात. आणि मग प्रश्न १ मधला धोका त्यांच्या वाट्याला येतो. कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते की नाक्यापर्यंत, हे नोकरी घेतानाच विचारा. शेवटचे दोनशे मीटर अंधारे असतील तर पथदिव्याची तक्रार आधी करून ठेवा (कुठे करायची ते प्रश्न १५ मध्ये).

पाठलाग, छेडछाड झाली तर ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१. साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल तर पोलीस बाईला तिच्या राहत्या घराखेरीज दुसरीकडे यायची सक्ती करू शकत नाहीत. हा कायदा आहे, उपकार नाही.

५. दिवसाढवळ्या मंगळसूत्र खेचलं जातं, असं ऐकलं. खरं का?

खरं, आणि वेळ बहुधा दुपारची. एक ते साडेतीन-चार दुकानं बंद, गोवा जेवून आडवा. वाड्यावर चिटपाखरू नसतं. ‘पत्ता विचारायचाय’ म्हणत दुचाकी हळू होते. रात्रीला घाबरणाऱ्या घरांतल्या बायका भर दुपारी निर्धास्त चालत मुलाला शाळेतून आणायला जातात, तेव्हाच हे घडतं. त्या वेळी दागिना ओढणीखाली किंवा पदराखाली ठेवा, रस्त्याच्या कडेने वाहनांना सामोरं चाला, आणि पत्ता सांगायचाच तर लांबून सांगा.

भारतीय न्याय संहितेत असं हिसकावणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, कलम ३०४. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रारीत ‘चोरी’ एवढंच लिहिलं असेल तर हिसकावून नेलं हे स्पष्ट लिहायला सांगा.

६. चवथीला मूळ घरी जातो. फ्लॅट आठवडाभर बंद. काय करावं?

गणेश चतुर्थीला पणजी-मडगावच्या इमारती रिकाम्या होतात, कारण गणपती फ्लॅटमध्ये नसतो, मूळ घरी असतो. पेडणे, सत्तरी, काणकोण, सगळे तिकडे. चोरांना पंचांग माहीत असतं. पोलीसही दरवर्षी घर बंद ठेवणाऱ्यांनी ठाण्यात कळवावं असं सांगतात. कळवा, गस्तीची गाडी एखादी चक्कर तरी मारते.

त्यापलीकडे साध्या गोष्टी. वर्तमानपत्र आणि दूध बंद करा. पोदेराला सांगा, नाहीतर कडीला पावाची पिशवी लटकत राहते. दागिने लॉकरमध्ये. बाहेरून दिसणारं मोठं कुलूप लावण्यापेक्षा आतल्या बाजूचं लॅच बरं, कारण कुलूप म्हणजे घरी कोणी नाही अशी पाटीच. आणि आरतीचे फोटो गावाहून परत आल्यावर टाका. इमारतीत ख्रिस्ती किंवा मुसलमान शेजारी असतील तर ते चवथीला घरीच असतात. त्यांच्याकडे चावी आणि नेवऱ्यांचा डबा दोन्ही देऊन जायची पद्धत कित्येक सोसायट्यांत आहे. नाताळात हीच देवघेव उलटी होते.

७. भाडेकरूची पोलीस पडताळणी खरोखर सक्तीची आहे का?

हो. पूर्वी ती जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांवर चालायची, आता राज्याचा स्वतंत्र कायदा आहे आणि न करणाऱ्या मालकाला दंड आहे. जबाबदारी मालकाची. भाडेकरूचं ओळखपत्र, फोटो, कायमचा पत्ता असा अर्ज आपल्या हद्दीतल्या ठाण्यात द्यायचा आणि पोच घ्यायची. अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे पडताळणी झाली असं होत नाही. करार वेगळा, पडताळणी वेगळी.

भाडेकरूंनाही सांगतो: हे अपमानाचं नाही. मालक टाळत असेल तर तो बहुधा भाड्याचं उत्पन्न लपवत असतो, आणि उद्या अनामत रक्कम परत मागताना तुमच्या हातात कागद नसेल.

८. माझा मेहुणा कुडाळहून नोकरीला आला, महिनाभर आमच्याकडे राहणार. त्याचीही पडताळणी? आणि परदेशी पाहुणा आला तर?

मेहुणा पाहुणा आहे, भाडं देत नाही, तर तो भाडेकरू नाही. पण त्याने तुमच्याच दुसऱ्या खोलीचं भाडं द्यायला सुरुवात केली, किंवा तुम्ही स्वतः भाडेकरू असून खोलीत आणखी कोणाला घेतलं, तर मालकाला कळवून नोंद करा. पुढे काही घडलं तर पहिला प्रश्न ‘इथे कोण राहत होतं’ हाच असतो.

परदेशी नागरिकाचं वेगळं. तो हॉटेलात उतरो की तुमच्या घरात, तो आल्यापासून चोवीस तासांत ठरावीक फॉर्म भरून विदेशी नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावं लागतं. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला तुमचा शाळूसोबती चवथीला आला, तरी कागदावर तो परदेशीच. त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल तर फॉर्म लागतो का हे ठाण्यात विचारून घ्या.

९. ‘भायल्यांमुळे (बाहेरून आलेल्यांमुळे) गुन्हे वाढले’ असं सगळे म्हणतात. तुमचं मत?

मत विचारलंत म्हणून देतो. काही टोळ्या बाहेरून येऊन, चोरी करून, रातोरात सीमा ओलांडतात, हे पोलीस तपासांत दिसलेलं आहे. त्या टोळ्या इथे राहत नाहीत, म्हणून त्या ‘भायल्यां’त मोजू नका. चिंबलच्या इंदिरानगरात किंवा मांगोर हिलवर तीस वर्षं राहणारा गवंडी, तुमच्या इमारतीचा वॉचमन, मासळी मार्केटात टोपल्या उचलणारा, यांच्याशिवाय शहर एक दिवस चालणार नाही. जून २०२० मध्ये मांगोर हिल कोविडमुळे बंद झालं तेव्हा तिथल्या लोकांना कामावर घ्यायला घरं घाबरली, आणि साथ ओसरल्यावरही तो डाग बराच काळ पुसला नाही.

आणि आपण मराठी बोलणाऱ्यांनी जरा जपून. सावंतवाडीच्या मुलाला म्हापशात ‘घाटी’ म्हणून हाक मारली की आपल्याला राग येतो, आणि दुसऱ्या दिवशी आपणच बिहारच्या मुलाबद्दल तेच बोलतो. पडताळणी सगळ्यांची करा, दिल्लीच्या गाडीवाल्याचीही. संशय वागण्यावर ठेवा.

१०. आमच्या इमारतीतले तीन फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देतात. रोज नवी माणसं, रात्री दोनला बॅगा ओढायचा आवाज. काय करता येईल?

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. लिफ्टमध्ये भेटणारा माणूस शेजारी आहे की आजचा पाहुणा हेच कळेनासं होतं, आणि तिथून प्रश्न ३ मधल्या अंधाऱ्या खिडक्यांइतकीच असुरक्षितता सुरू होते.

पर्यटकांना अशी जागा भाड्याने द्यायची तर १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. पहिलं पाऊल: मालकाला सोसायटीमार्फत लेखी विचारा, नोंदणी क्रमांक द्या. नसेल तर पर्यटन खात्याकडे तक्रार. दुसरं: सर्वसाधारण सभेत ठराव करा की पाहुण्यांची नोंद गेटवरच्या वहीत व्हावी आणि जलतरण तलाव, गच्ची रात्री दहानंतर बंद. ‘दिवसाच्या भाड्याने देणं पूर्ण बंद’ असा ठराव मालक आव्हान देऊन अडकवू शकतो. सोसायटीच्या उपविधींत निवासी वापराची अट कशी लिहिली आहे यावर बरंच अवलंबून. वकिलाला आधी उपविधी दाखवा, मग सभा बोलवा. उलट क्रमाने केलेल्या सभा हाणामारीत संपतात.

रेंट-अ-कॅबच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. साध्या पांढऱ्या पाटीची गाडी दर तीन दिवसांनी नव्या माणसाच्या हातात दिसली तर तीही बेकायदा भाड्याची असू शकते. वाहतूक खात्याला कळवा.

११. रात्री मोठ्याने संगीत चालतं. किती वाजेपर्यंत परवानगी आहे?

रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी, हे २००० सालच्या केंद्राच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. अपवाद बंदिस्त सभागृहांचा, पण आवाज बाहेर ऐकू आला तर ते बंदिस्त कसलं? निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या परिसरात ती आणखी कडक.

किनाऱ्यालगतच्या हणजूण, वागातोर, हडफडे इथल्या रहिवाशांना हे नियम तोंडपाठ आहेत, आणि उच्च न्यायालयात किती वेळा जावं लागलं हेही. त्यांचा सल्ला: प्रत्येक वेळी ११२ वरच फोन करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. ठाण्यातल्या ओळखीच्या शिपायाला केलेल्या फोनची नोंद राहत नाही. फोनमधलं डेसिबल अॅप पुरावा म्हणून टिकत नाही, पण तारीख-वेळ दिसणारा व्हिडिओ उपयोगी पडतो. सतत चालणाऱ्या जागेविरुद्ध प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रारही करा.

१२. मग सप्ताह, जत्रा, फेस्त, कार्निव्हल यांना कसं चालतं?

राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी वेळ रात्री बारापर्यंत वाढवू शकतं. ते दिवस जाहीर केलेले असतात. बारानंतर कोणालाच नाही.

वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह अखंड चालतो, आणि तो बंद करा असं सांगणारं एकही पत्र आमच्याकडे आलेलं नाही. भजनावर तक्रार नसते, बाजूच्या स्टॉलांच्या कर्ण्यांवर असते. स्वतःच्या सणाचा आवाज सगळ्यांना गोड लागतो, हे मान्य करून पुढे जाऊ.

१३. तक्रार कुठल्या ठाण्यात? ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवतात.

पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, हद्द कुठलीही असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकारी.

एक खाच आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. तेव्हा ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर दरवेळी टोलवाटोलवीच असेल असं नाही. चौदा दिवसांनंतरही तेच ऐकू आलं तर मात्र अधीक्षकांकडे जा.

हद्दींचा गोंधळ मडगावात सर्वाधिक: मडगाव शहर, फातोर्डा आणि मायणा-कुडतरी ही ठाणी जवळजवळ आहेत. कोकण रेल्वे स्थानकात काही घडलं तर रेल्वेचं ठाणं वेगळं.

नंबर: सर्व आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, आग १०१, महिला १८१, मुलं १०९८, सायबर फसवणूक १९३०, वीज १९१२, ज्येष्ठ नागरिक १४५६७.

१४. तक्रार मराठीत लिहिली तर चालेल?

चालेल. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही शासकीय कामासाठी वापर करायची तरतूद आहे. एफआयआर ठाण्यात बऱ्याचदा इंग्रजीत टंकतात. सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा.

१५. पथदिवा, उघडं गटार, खड्डा: पालिका, पंचायत की बांधकाम खातं?

आधी आपण कुठे राहतो ते बघा. पणजीला महापालिका, मडगाव-म्हापसा-फोंडा-मुरगावला (वास्को यातच) नगरपालिका. पण ताळगाव आणि पर्वरी दिसायला शहर असली तरी कारभार पंचायतीचा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी दिसते, त्यात अशी पंचायतीखालची ‘शहरं’ पुष्कळ आहेत. दहा मजली इमारत आणि कचऱ्याला पंचायतीची एक गाडी, अशी स्थिती त्यातून येते. पर्वरीत तर रस्त्याच्या अलीकडे एक पंचायत आणि पलीकडे दुसरी.

आतला रस्ता आणि कचरा पालिका किंवा पंचायतीकडे, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, पथदिव्याच्या बिघाडासाठी वीज खातं. कोणाचं हे कळत नसेल तर तिघांना एकच पत्र लिहा आणि तिघांची नावं वर घाला. मग ते आपसात ठरवतात.

याकडे दुर्लक्ष करू नका. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी रायबंदरला स्मार्ट सिटीच्या कामासाठी खणलेल्या खड्ड्यात दुचाकी पडून एकवीस वर्षांचा मुलगा गेला. खणलेल्या जागी अडथळा, परावर्तक पट्टी किंवा दिवा नसेल तर फोटो काढून त्याच रात्री ११२ ला सांगा, सकाळची वाट बघू नका. दुचाकीवाल्यांनी एवढंही ध्यानात ठेवावं की मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. नकाशाचं अॅप कधी कधी तिकडेच वळवतं.

१६. भटकी कुत्री अंगावर येतात. रेबीज नाही म्हणतात, मग घाबरायचं का?

२०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झालं, वर्षानुवर्षांच्या लसीकरणामुळे. याचा अर्थ चावल्यावर लस नको असा नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मग लगेच आरोग्य केंद्र किंवा बांबोळीचं सरकारी इस्पितळ. हळद, चुना काही लावू नका. निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्याचा कान कापलेला असतो. अशा कुत्र्याला उचलून दुसऱ्या वाड्यावर सोडणं नियमात बसत नाही, आणि त्याच्या जागी नवा, लस न घेतलेला कुत्रा येतो.

१७. ग्रिल लावलं, दोन दारं केली. आता घर सुरक्षित ना?

चोरापासून, हो. आगीपासून तुम्ही स्वतःला कोंडून घेतलंत. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडेच्या नाइटक्लबला आग लागून २५ माणसं गेली, तेव्हा बाहेर पडायच्या वाटेचा प्रश्न आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी होता. आपल्या जिन्यात मात्र अजून सायकली, चपलांचं कपाट आणि चार्जिंगला लावलेली स्कूटर आहेच. ग्रिलच्या एका खिडकीला आतून उघडणारी झडप ठेवा, चावी तिथेच खिळ्याला, आणि घरातल्या प्रत्येकाला ती अंधारात सापडते का ते बघा.

१८. शेजाऱ्याचा कॅमेरा थेट माझ्या दारावर रोखलेला आहे. चालतं का?

जिना, गेट, पार्किंग दिसलं तर बहुतेक सोसायट्या मान्य करतात. तुमच्या घराचं आतलं, न्हाणीघराची खिडकी, कपडे वाळत घालायची जागा दिसत असेल तर नाही. आधी शेजाऱ्याच्या फोनवर तो काय बघतो ते दाखवायला सांगा. निम्मे वाद तिथेच मिटतात. खाजगी क्षणी बाईचं चित्रण होत असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, तिथे सोसायटीच्या सभेची वाट बघू नका.

१९. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये राहतो. दारात रोज पर्यटकांचं फोटो काढणं. रस्ता सार्वजनिक आहे म्हणतात.

रस्ता सार्वजनिक, पायरी आणि बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) तुमचं. पायरीवर बसलेल्याला उठवायचा हक्क तुम्हाला आहे. रहिवाशांनी ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या आहेत, त्यांचा उपयोग थोडाच. लग्नाआधीच्या व्यावसायिक चित्रीकरणाला, दिवे-छत्र्या घेऊन येणाऱ्यांना, परवानगी विचारा आणि नसेल तर पोलिसांना बोलवा. साध्या फोनवाल्याशी भांडून रक्तदाब वाढवू नका.

२०. मी आखातात, आईवडील म्हापशात एकटे. लांबून काय करू शकतो?

बोटीवरचे, आखातातले, लंडनचे असे खूपजण हेच विचारतात. कॅमेरा बसवणं सगळ्यांना सुचतं. तो रेकॉर्ड करतो, धावून जात नाही. पाच मिनिटांत पोहोचेल अशा दोन माणसांकडे चावी असू द्या, आणि त्यातला एक तरी चवथीला गावी न जाणारा हवा (प्रश्न ६). आईवडील नेहमी ज्या डॉक्टरकडे जातात त्यांचा, वाण्याचा आणि शेजाऱ्याचा नंबर तुमच्याकडे ठेवा. परदेशातून ११२ लागत नाही, म्हणून म्हापसा ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक देशाच्या कोडसह साठवा.

घरी कामाला किंवा सोबतीला बाई ठेवणार असाल तर भाडेकरूसारखीच तिचीही पडताळणी ठाण्यात करून घेता येते. एजन्सीने ‘आम्ही केली आहे’ म्हटलं तर पोचपावती दाखवायला सांगा. तिच्या आधार कार्डाचा फोटो तुमच्या फोनमध्ये आहे एवढ्याने भागत नाही. आणि कपाटाच्या किल्ल्या, बँकेचा पिन, ओटीपी यातलं काय तिच्या हाती द्यायचं नाही ते आईला पहिल्याच दिवशी, त्या बाईसमोर सांगा. मागाहून सांगितलं की दोघींनाही वाईट वाटतं.